खिंडार बुजवता येतं

शेजारच्या भाभी असरच्या नमाजनंतर दारात आल्या, तेव्हा त्यांच्या हाताला कणीक तशीच होती. म्हणाल्या, "आपा, जरा घरी चला. हिच्या अब्बांनी कॉलेज बंद करायचं ठरवलंय. तुमचं ऐकलं तर ऐकतील."

मुलगी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. वडिलांचं चारचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकून ती तिकडेच पळायची. अब्बा गाडीखाली आडवे, आणि ही बाहेर बसून ते मागतील तो पाना त्यांच्या हातात देणार. चौथीत होती तेव्हाच तिला बारा-तेराचा पाना नुसत्या हाताला ओळखू यायचा. दहावीला चांगले गुण मिळाले आणि तिने हट्टाने मेकॅनिकलच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि दोन विषय राहिले, गणित आणि ड्रॉइंग.

मी गेले तेव्हा ती आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. अब्बा शांतपणे म्हणाले, "आपा, मी काही जुना माणूस नाही. मीच पाठवलं होतं ना? एकदा बघितलं, नाही जमलं. आता घरी राहील, शिवण शिकेल."

मला एक जुनी गोष्ट आठवली. हिचा मोठा भाऊ दहावीला दोनदा बसला होता. तिसऱ्या वेळी पास झाला, त्या दिवशी याच अब्बांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मीही खाल्ले होते. तेव्हा कुणी "एकदा बघितलं, नाही जमलं" असं म्हटलं नव्हतं. मी हे बोलून दाखवलं, तर ते हसले आणि म्हणाले, "आपा, मुलाची गोष्ट वेगळी."

मग कोपऱ्यात तस्बीह फिरवत बसलेल्या दादी बोलल्या. फळीवर एक पुस्तक होतं, सातवीत बक्षीस मिळालेलं, कल्पना चावलाची गोष्ट सांगणारं. त्याकडे बोट करून म्हणाल्या, "बेटी, पोरगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती पुस्तकातली बाईही हुशारच होती ना? आसमानात गेली. परत आली का? घरात असती तर आज जिवंत असती."

खोली गप्प झाली. दादींना त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकले नाही. घरी आले, जे ठाऊक होतं ते पुन्हा आठवलं, थोडं नव्याने वाचलं. भगिनींनो, या महिन्याचं सदर म्हणजे दादींना द्यायचं राहून गेलेलं ते उत्तर आहे.

कल्पना चावला हरियाणातल्या कर्नालची. आपल्या नगरसारखंच गाव म्हणा, दिल्लीच्या वाटेवरचं, फार मोठं नाही. तिचं कुटुंब फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेलं. वडील बनारसीलाल यांनी शून्यातून सुरुवात केली आणि पुढे टायर बनवण्याच्या धंद्यात जम बसवला. घरात चार भावंडं, ही सर्वांत धाकटी. तिला घरी 'मोंटू' म्हणत. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा 'कल्पना' हे नाव तिचं तिनेच निवडलं. जन्म १७ मार्च १९६२ चा, पण कागदोपत्री १ जुलै १९६१, कारण वेळेत मॅट्रिकला बसता यावं म्हणून तारीख मागे ओढली होती. ही गोष्ट वाचून आपल्यापैकी अनेकींना आपापल्या दाखल्यावरची तारीख आठवेल.

कर्नालमध्ये विमान शिकवणारा क्लब होता. छोटी विमानं घरांवरून जायची आणि ही गच्चीवरून बघायची. मोठी झाल्यावर चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात तिने विमानांच्या अभियांत्रिकीची शाखा मागितली. या शाखेत मुलींना नोकरी कुठे मिळणार, दुसरी घे, असं तिला सांगितलं गेलं. तिने शाखा बदलली नाही. १९८२ मध्ये पदवी घेतली आणि अमेरिकेला गेली. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन इथल्या शाखेतून पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं, १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून डॉक्टरेट. विमानाच्या पंखाभोवती हवा कशी वाहते याचं गणित मांडणं, हे तिचं काम. डिसेंबर १९९४ मध्ये नासाने अंतराळवीर म्हणून तिची निवड केली.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. 'जिद्दीने शिकली आणि आकाशात गेली.' पण मला आमच्या शेजारच्या मुलीला जी गोष्ट सांगायची होती, ती यानंतर सुरू होते.

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी कल्पना 'कोलंबिया' यानातून पहिल्यांदा अंतराळात गेली. भारतात जन्मलेली अंतराळात जाणारी ती पहिली स्त्री. तिच्याकडे यानाचा यांत्रिक हात चालवण्याची जबाबदारी होती. हा हात म्हणजे यानातून बाहेर निघणारी, वाकणारी, उचल-ठेव करणारी लांबलचक क्रेन समजा. त्या हाताने तिला 'स्पार्टन' नावाचा उपग्रह बाहेर सोडायचा होता. वजन सुमारे १,३६० किलो. काम सूर्याचं निरीक्षण करायचं.

उपग्रह सोडला, पण तो चालू होईना. ठरल्याप्रमाणे वळेना. तो परत पकडायचा म्हणून कल्पनाने हात पुढे नेला. पकड पक्की बसली नाही, हात मागे घेतला, आणि तेवढ्यात उपग्रह स्वतःभोवती फिरू लागला. कोट्यवधी रुपयांचं यंत्र डोळ्यांसमोर गरगरतंय आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुलीवर. अखेर तीन दिवसांनी तिचे दोन सहकारी, विन्स्टन स्कॉट आणि जपानचे ताकाओ दोई, अंतराळपोशाख घालून यानाबाहेर गेले आणि त्यांनी तो उपग्रह चक्क हातांनी धरून आणला. ते दोघे त्या दिवशी सात तासांहून जास्त वेळ बाहेर होते.

जी सगळ्या देशाची लाडकी होऊन गेली होती, तिच्या नावासमोर आता चूक लागली. सुरुवातीला बोट तिच्याकडेच दाखवलं गेलं. विचार करा, आपल्याकडे हे घडतं तर काय झालं असतं? "बघितलं ना, मुलीला एवढं मोठं काम देऊन?" असं म्हणणारे दहाजण उभे राहिले असते. आणि तिच्यामागून येणाऱ्या दहाजणींसाठीही दार बंद झालं असतं.

नासाने वेगळं केलं. पाच महिने चौकशी केली. चूक कुणाची हे विचारून ते थांबले नाहीत, चूक कशी झाली हे पाहिलं. संगणकाला सूचना देण्याची पद्धत, यानातल्या आणि जमिनीवरच्या लोकांनी पाळायची कामाची रीत, या दोन्हींत उणिवा होत्या असं निघालं. दोष कल्पनावरून दूर झाला. तिला पुढची तांत्रिक कामं दिली, आणि काही वर्षांतच दुसऱ्या सफरीसाठी तिची निवड झाली.

मला तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. पहिल्यांदा अंतराळात जाणं मोठं आहेच. पण सगळ्यांच्या देखत काम बिघडल्यावर पुन्हा कामावर जाणं, आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी तिला पुन्हा पाठवणं, हे जास्त मोठं आहे. आपल्या घरांत मुलीला पहिली संधी आता मिळू लागली आहे, अल्हम्दुलिल्लाह. पूर्वी तीही मिळत नव्हती. पण दुसरी संधी अजून मुलाच्याच नावावर आहे. मुलगा नापास झाला तर म्हणतात 'अभ्यास कमी पडला'. मुलगी नापास झाली तर म्हणतात 'तिला झेपत नाही'. परीक्षा तीच, गुण तेवढेच, आणि निकाल मात्र दोन वेगळे लावले जातात.

आता दादींच्या प्रश्नाकडे येते. दुसरी संधी मिळाली, आणि त्याच सफरीत ती गेली. मग संधी न मिळती तर बरं झालं असतं का?

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान पुन्हा उडालं. आत सातजण. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी यानाच्या मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. फोम म्हणजे हलकी वस्तू, पण यानाचा वेगच असा की तो घाव दगडासारखा बसला. पंखाला भोक पडलं. आत कुणालाच काही जाणवलं नाही. सोळा दिवस सातही जणांनी दोन तुकड्या करून रात्रंदिवस काम केलं, ऐंशीच्या आसपास प्रयोग पार पाडले. १ फेब्रुवारीला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात व्हायच्या सुमारास, यान परतत होतं. उतरायला सोळा मिनिटं उरली होती. वातावरणात शिरताना जी प्रचंड उष्णता होते ती त्या भोकातून पंखात घुसली आणि यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. कल्पना तेव्हा चाळीस वर्षांची होती.

पण दादी, गोष्ट इथे संपत नाही. त्या फोमच्या तुकड्याची चित्रफीत जमिनीवरच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी पाहिली होती. काही अभियंत्यांना काळजी वाटली. पंखाला काय झालंय ते पाहण्यासाठी फोटो घ्या, अशी मागणी त्यांनी केली. वरच्या अधिकाऱ्यांनी ती पुढे नेली नाही. फोम पूर्वीही पडला होता आणि काही झालं नव्हतं, म्हणून आताही काही होणार नाही, असं त्यांनी धरून चाललं. ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की अपघाताला फोम जेवढा जबाबदार, तेवढीच नासातली कामाची रीतही जबाबदार. वेळीच कळलं असतं तर 'अटलांटिस' हे दुसरं यान पाठवून सातही जणांना आणण्याचा प्रयत्न करता आला असता, अवघड होता पण अशक्य नव्हता, असंही त्या मंडळाच्या अभ्यासात निघालं.

म्हणजे कल्पना बाहेर पडली म्हणून गेली नाही. तिच्या हातून चूक झाली म्हणूनही गेली नाही. ज्यांना काळजी वाटत होती त्यांचं कुणी ऐकलं नाही, म्हणून सातजण गेले. त्यात पाच पुरुष होते आणि दोन स्त्रिया. 'पुरुषांनी घरात बसायला हवं होतं' असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण खरा वारसा तिथे आहे. अडीच वर्षं उड्डाणं थांबली. जुलै २००५ मध्ये 'डिस्कव्हरी' यान गेलं, आणि त्याची कप्तान एक स्त्री होती, आयलीन कॉलिन्स. यांत्रिक हाताला आणखी एक लांब दांडी जोडून, तिच्या टोकाला कॅमेरा लावून, पंखाची कड इंच इंच तपासली गेली. अंतराळस्थानकाजवळ पोचल्यावर कॉलिन्सबाईंनी अख्खं यान हळूच उलटं फिरवलं, म्हणजे स्थानकातल्या लोकांना त्याच्या पोटाचे फोटो घेता येतील. पोटावरच्या फरशांमधून दोन पट्ट्या बाहेर डोकावत होत्या, त्या एका सहकाऱ्याने बाहेर जाऊन ओढून काढल्या. तिथून पुढे ही तपासणी म्हणजे नेमच झाला. २०११ पर्यंत या यानांच्या बावीस सफरी झाल्या आणि प्रत्येक वेळी सगळे घरी परतले.

आणि दादींनी गेल्या वर्षी टीव्हीवर जिला पाहिलं, ती सुनीता विल्यम्स. जून २०२४ मध्ये आठेक दिवसांसाठी गेली होती. नव्या यानात बिघाड निघाले. त्यातून माणसं आणावीत की नाही यावर वाद झाला, शंका घेणाऱ्यांना बोलू दिलं गेलं. नासाच्या प्रमुखांनी कोलंबियाची आठवण जाहीरपणे काढली आणि ते यान रिकामं परत आणायचं ठरवलं. सुनीता २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये, दुसऱ्या यानातून सुखरूप उतरली. तेव्हा दादीच म्हणाल्या होत्या, "शुक्र आहे अल्लाहचा, कुणाची तरी लेक घरी आली." ती घरी आली, कारण बावीस वर्षांपूर्वी न ऐकल्याची किंमत लोकांच्या लक्षात होती.

कुणी म्हणेल, या बायका आपल्यातल्या नाहीत. तर तेही पाहू. अनुशेह अन्सारी इराणमधल्या मशहदमध्ये १९६६ साली जन्मल्या. १९८४ मध्ये कुटुंबासोबत अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शिकल्या, अभियंता झाल्या, स्वतःची कंपनी उभी केली. २००६ मध्ये रशियात अंतराळ सफरीचं पूर्ण प्रशिक्षण त्यांनी घेतलं, पण राखीव म्हणून. जागा दुसऱ्याची होती. उड्डाणाला महिनाही उरला नसताना तो माणूस वैद्यकीय तपासणीत बाद झाला आणि १८ सप्टेंबर २००६ रोजी अनुशेह गेल्या. अंतराळात जाणारी पहिली मुस्लिम स्त्री. नाव यादीत नसतानाही ज्या तयार होत्या, त्यांना जागा मिळाली. सौदी अरेबियातल्या रय्याना बर्नावी या संशोधक मे २०२३ मध्ये अंतराळस्थानकावर राहून आल्या. संयुक्त अरब अमिरातीच्या नोरा अल मत्रूशी यांनी २०२४ मध्ये नासाचं प्रशिक्षण पुरं केलं, आणि अंतराळाच्या शिरस्त्राणाखाली हिजाब कसा घालता येईल याची सोय तिथल्या अभियंत्यांनी त्यांच्यासाठी करून दिली.

आणि आपल्या देशातल्या निगार शाजी. तमिळनाडूतल्या तेनकाशी जिल्ह्यातल्या सेंगोट्टई या छोट्या गावच्या, शेतकरी वडिलांची मुलगी. २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याचा अभ्यास करायला निघालेल्या आदित्य-एल१ या भारताच्या यानाच्या त्या प्रकल्प संचालक. १९९७ मध्ये सूर्य पाहायला निघालेला स्पार्टन कल्पनाच्या हाताशी असताना बिघडला होता. सव्वीस वर्षांनी एका भारतीय मुस्लिम बाईंच्या देखरेखीखाली आपलं यान सूर्याकडे पाहायला गेलं. वारसा असाच पुढे जातो, नात्यातून नव्हे, कामातून.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं ते एका रविवारी चांदबिबीच्या महालावर. तिचे अब्बा सगळ्यांना गॅरेजमधल्या जुन्या जीपमधून घेऊन गेले होते. पाथर्डी रस्त्याने डोंगरावर चढलं की ती आठ बाजूंची, तीन मजली दगडी इमारत उभी असते. नगरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, की ती खरं तर चांदबिबीची नाही. निजामशाहीतले मंत्री सलाबतखान यांची ती कबर. पण लोकांनी नाव दिलं चांदबिबीचं, आणि तेच राहिलं. दादी खालीच ओट्यावर बसल्या. आम्ही वर गेलो. खाली शहर पसरलेलं दिसत होतं.

मी तिला विचारलं, "चांदबिबीची कोणती गोष्ट लक्षात आहे?"

ती म्हणाली, "खाला, भिंतीची."

तीच गोष्ट. १५९५ च्या अखेरीस मोगल शहजादा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. तटाखाली सुरुंग पेरले. एक उडाला आणि तटाला भलंमोठं खिंडार पडलं. आतले सरदार कचरले. तेव्हा चांदबिबी हातात तलवार घेऊन स्वतः त्या खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर लढत झाली आणि रातोरात ते खिंडार बुजवलं गेलं. सकाळी मोगलांना तट पुन्हा उभा दिसला. त्यांना तह करावा लागला.

मी म्हटलं, "बेटा, भिंत पडली म्हणून ती म्हणाली का, की मला किल्ला सांभाळणं झेपत नाही?"

ती हसली. निकालानंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं मी तिला. म्हणाली, "खाला, माझी दोन खिंडारं आहेत. गणित आणि ड्रॉइंग."

या गोष्टीचा दुसरा भागही आहे आणि तो मी तिच्या अब्बांना सांगितला. चार-पाच वर्षांनी मोगल पुन्हा आले, तेव्हा लढाई टिकणार नाही हे ओळखून चांदबिबी बोलणी करू पाहत होती. ती फितूर झाली अशी आवई उठली. कुणी तिला विचारलं नाही, तिचं ऐकलं नाही. तिच्याच माणसांनी तिला मारलं. आणि तिच्यानंतर थोड्याच दिवसांत, १६०० साली, किल्ला पडला. बाहेरच्या सुरुंगाने पाडलेलं खिंडार तिला बुजवता आलं होतं. घरच्यांनी न ऐकल्याने जे पडलं, ते कुणालाच बुजवता आलं नाही.

अब्बा काही बोलले नाहीत. खाली उतरताना मात्र त्यांनी मुलीला विचारलं, "गणितात नेमकं काय अडतं?" मला वाटतं, निकाल लागल्यापासून हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असेल. तोवर घरात सगळे बोलले होते, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. ती जीपमध्ये बसेपर्यंत बोलत होती. शिकवणं इंग्रजीत होतं, पहिले दोन महिने काहीच कळलं नाही, लाजून विचारलं नाही, मागे पडले ते पडलेच. ड्रॉइंगला घरात सपाट टेबल नाही. एवढंच. झेपत नाही, असं त्यात कुठेच नव्हतं.

आता गॅरेजमधला एक जुना पत्र्याचा टेबल घासूनपुसून घरात आला आहे. दहावीला तीनदा बसलेला भाऊ संध्याकाळी दोन तास आपला मोबाइल तिला देतो, व्याख्यानं ऐकायला. दादींचं अजून पूर्ण पटलेलं नाही. त्या म्हणतात, "बघू." पण ईशानंतर तिची वही बंद होईपर्यंत त्या जाग्या असतात. परीक्षा व्हायची आहे. ती पास होईलच असं मी लिहिणार नाही, निकाल अल्लाहच्या हातात. पण ती बसणार आहे, हे तिच्या घराने ठरवलं आहे.

भगिनींनो, आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात अशी एखादी मुलगी असेल तर तीन गोष्टी करा. पहिली, निकालाच्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. राग आणि शरम उतरू द्या. दुसरी, "का नापास झालीस" असं विचारू नका, "कुठे अडलं" असं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. तिसरी, रस्ते माहीत करून घ्या. दहावी-बारावीला राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होते, वर्ष वाया जातंच असं नाही. डिप्लोमात काही विषय राहिले तरी नियमात बसत असेल तर पुढच्या वर्षात जाता येतं, ते कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. शिक्षण मध्येच सुटलेल्या सुनांसाठी, अम्मींसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, वयाची अडचण नाही.

कल्पना चावलाच्या नावाचा उपग्रह आहे, लघुग्रह आहे, मंगळावर टेकडी आहे, कर्नालला वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या माणसांची आठवण अशी ठेवतात, ठेवायलाही हवी. पण घरात बसून तिची आठवण ठेवायची एक सोपी रीत आहे. आपल्या लेकीच्या हातून काही बिघडलं, की तिला पुन्हा एकदा कामाला बसवायचं. आणि ती काही सांगू लागली, की हातातलं काम ठेवून ऐकायचं.

अल्लाह आपल्या लेकींना इल्म देवो, आणि आपल्याला त्यांचं ऐकण्याचा सब्र देवो. आमीन.